पान कोणाचे?

आमच्या शाळेला २०२३ साली पन्नास वर्षे पुरी झाली. सुवर्णमहोत्सव म्हटला म्हणजे मंडप आला, स्मरणिका आली, सत्कार आले. आणि अलीकडच्या रिवाजाप्रमाणे संकेतस्थळही आले. हे शेवटचे काम माझ्या गळ्यात पडले, त्याचे कारण एवढेच की, मी कादंबऱ्या लिहितो. ज्याला लिहिता येते त्याला लेखनाशी दूरचे नाते असलेले प्रत्येक काम येत असलेच पाहिजे, अशी आमच्या मुख्याध्यापकांची भाबडी समजूत आहे.

काम करून देणारा माणूस मात्र दूर शोधावा लागला नाही. माझाच एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी पिठाच्या गिरणीच्या माडीवर खोली घेऊन हा धंदा करतो. कोणाची नोकरी नाही, महिन्याचा पगार नाही. आज दंतवैद्याचे काम, उद्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याचे. अशाला आजकाल फ्रीलान्सर म्हणतात. आपल्याकडचे सुतार, शिंपी आणि गवंडी पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने जगत आले; त्यांना असे भारदस्त नाव कोणी दिले नाही, इतकेच.

तो आला तेव्हा हातात यंत्र नव्हते, साधी वही होती. संस्थेचे अध्यक्ष अण्णा यांच्यापुढे बसून त्याने विचारले, “अण्णा, या पानावर कोण येईल आणि कशासाठी येईल?”

अण्णा म्हणाले, “ते तू बघ. आम्हांला ते भारदस्त दिसले पाहिजे, म्हणजे झाले. वर माझा आणि संस्थापकांचा फोटो मोठा घे.”

बाहेर पडल्यावर तो मला म्हणाला, “सर, सगळे भांडण इथेच असते. पान कोणाचे? पैसे देणाऱ्याचे, करणाऱ्याचे, की वाचणाऱ्याचे?”

मला वाटले, हा प्रश्न याच्या धंद्यातला असेल. पुढे कुतूहलाने वाचीत गेलो तेव्हा ध्यानात आले की, या विद्येच्या साऱ्या इतिहासाचाच हा प्रश्न आहे. तो इतिहास मला उमगला तसा वाचकांपुढे ठेवतो.

स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हाजवळ सर्न ही अणुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, दोन-चार वर्षे राहत आणि जात. त्यांच्याबरोबर त्यांच्या नोंदींचा ठावठिकाणाही जाई. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने मार्च १९८९ मध्ये यावर उपाय सुचविला, आणि १९९१ मध्ये त्याचे ‘वर्ल्ड वाइड वेब’ बाहेरच्या जगाला खुले झाले. लेखकाने मजकुरात फक्त खुणा करावयाच्या. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. अक्षर किती मोठे, ओळ किती लांब, हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचे. म्हणजे आरंभी पान बरेचसे वाचणाऱ्याचे होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी सामग्री कोणालाही विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. पुढे माडीवरच्या खोलीत एकट्याने हा धंदा करणे शक्य झाले, त्याचे मूळ या एका निर्णयात आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा न्याहाळक तयार झाला आणि अक्षरांच्या शेजारी चित्रे दिसू लागली. चित्रे आली तशी गिऱ्हाइकेही आली. ही मंडळी छापील जाहिरातीवर वाढलेली. छापील कागद जसा दिसतो तसाच तो सर्वांना दिसतो. तेव्हा आमचे पानही तसेच दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. यात त्यांचे फारसे चुकत होते असे नाही. ज्याने आयुष्यभर कागदच पाहिला, तो दुसरे काय मागणार?

या झगड्यावर ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन व्हिउम ली या नॉर्वेजियन तरुणाने एक तोड सुचविली. रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहावेत आणि त्यांत लेखक व वाचक या दोघांचेही म्हणणे यावे. त्याच्या पहिल्या मसुद्यात तर कोणाचा आग्रह किती, हे टक्क्यांत लिहिण्याची सोय होती! शीर्षकाच्या आकारावर माझा शंभर टक्के आग्रह, पोटशीर्षकावर चाळीस. उरलेले तुमचे तुम्ही पाहा. हे टक्के पुढे गळाले, पण तडजोडीचे तत्त्व राहिले. बर्ट बॉस या डच सहकाऱ्याबरोबर त्याने या नियमांना आकार दिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘सीएसएस’ या नावाने ते प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले.

परंतु गिऱ्हाइकाला दम कुठला? १९९६ सालीच डेव्हिड सीगल या अमेरिकन रचनाकाराचे एक पुस्तक गाजले. आकडे मांडण्यासाठी असलेले तक्ते पानाचा सांगाडा म्हणून वापरावेत आणि एका ठिपक्याएवढी अदृश्य चित्रे ताणून मधल्या जागा भरून काढाव्यात, अशी त्यात युक्ती होती. पान हुबेहूब छापल्यासारखे दिसू लागले. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश. वाचणाऱ्याला कोणी विचारले नाही. ‘हे पान अमुक न्याहाळकात, अमुक रुंदीच्या पडद्यावर पाहावे’ अशी पाटी तळाशी लागू लागली. पाहुण्याने कोणते जोडे घालून यावे, हे उंबऱ्यावर लिहून ठेवण्यासारखाच हा प्रकार. पुढच्याच वर्षी सीगलने, वेबचा नाश झाला आणि तो मीच केला, अशा आशयाचा कबुलीजबाब लिहिला, हे त्याच्या मोठेपणाचे म्हटले पाहिजे.

आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. मराठीपुढे मात्र एक जादा अडचण उभी होती. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले होते; पण घरोघरच्या यंत्रांना ती ओळख पटायला आणखी बरीच वर्षे लागली. तोवर एक क्लृप्ती चालली. छापखान्यातल्या पेटीत एका अक्षराच्या घरात दुसऱ्याच अक्षराचे खिळे भरून ठेवावेत, तसे रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकार भरलेले टंक निघाले. ज्याच्याजवळ तीच पेटी, त्याला मराठी दिसे. इतरांना रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेसळ.

आमच्या शाळेचे पहिले संकेतस्थळ अशाच टंकात, २००२ साली झाले. मी तेव्हा नुकताच नोकरीस लागलो होतो. शाळा १९७३ ची, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठीवरची. अशा दिवसांत गावाने ती उभारली. कोणी दोन गाड्या दगड दिले, कोणी आठ दिवसांची मजुरी, कोणी घराचा एक दरवाजा काढून आणून दिला. ही सारी नावे एका वहीत होती. ती वही पाहून मी स्वतः यादी लिहून दिली आणि ती संकेतस्थळावर चढली. पुढे एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरून वहीचा लगदा झाला. आम्ही म्हणालो, असू द्या, संकेतस्थळावर आहे.

ते तिथेही राहिले नाही. पहिले काम करून देणारा गृहस्थ दुसऱ्या शहरी गेला. संकेतस्थळाचे नाव त्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. त्याचे वार्षिक पैसे भरायचे राहिले आणि एके दिवशी पान उघडेनासे झाले. त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा शेवटचा हप्ता आम्ही दिला नव्हता, आणि दोन्ही बाजूंमध्ये कागदाचा एक कपटाही झाला नव्हता.

इकडे मोठ्या जगात वारे फिरत होते. १९९८ मध्ये काही रचनाकारांनी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ ही चळवळ उभारली आणि न्याहाळक बनविणाऱ्या कंपन्यांनी प्रमाण नियम पाळावेत असा तगादा लावला. २००० साली जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने सांगितले की, कागदाची ताबेदारी सोडा. पानाचे लवचीक असणे हा त्याचा दोष नसून गुण आहे. फार थोड्यांनी ऐकले. पण २००७ मध्ये आयफोन आला आणि पडदा तळहातावर मावू लागला. मग मे २०१० मध्ये ईथन मार्कोट याने रीत घालून दिली. रकाने टक्केवारीने आखावेत, चित्रे रकान्याबरोबर आकसावीत आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी. पूर्वी कारागीर पानाचे एक चित्र काढी, गिऱ्हाईक त्यावर मान डोलावी आणि काम सुरू होई. आता कोणते चित्र दाखवायचे? एकाच पानाची रूपे अनेक झाली. दाखवावयाचे ते चालते पानच, आणि मान डोलवावयाची ती मजकुरावर.

माझा विद्यार्थी याच रीतीचा. त्याने आधी दोन पानांचा करार पुढे ठेवला. एकतृतीयांश विसार आरंभी, एकतृतीयांश पहिले रूप दाखविल्यावर, उरलेले काम हवाली करताना. दुरुस्तीचे फेरे दोन. तिसऱ्याचे पैसे वेगळे. संकेतस्थळाचे नाव शाळेच्या नावावर आणि किल्ल्या मुख्याध्यापकांच्या कपाटात. अण्णांना हा कागद अविश्वासाचा वाटला. “आपल्यातला मुलगा, आणि कागद?” तेव्हा त्याने समजावले की, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाकडे जातो, पण स्वतंत्र कारागिराने लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, कारागिराकडेच राहतो. त्या लेखात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. “अण्णा, हा कागद माझ्यापेक्षा तुमच्याच सोयीचा आहे.” अण्णांनी सही केली.

मग तो मजकुरासाठी माझ्या मागे लागला. मजकूर हाती आल्याशिवाय तो मांडणीला हात लावीना. “सर, पाहुणे किती हे कळल्याशिवाय पंगत कशी मांडू?” असे म्हणे. पहिले रूप दाखविताना त्याने स्वतःचे यंत्र उघडलेच नाही. आमच्या शिपायाचा तडा गेलेला फोन मागून घेतला आणि अण्णांच्या हातात दिला. “यावर शाळा सोडल्याचा दाखला कसा मिळवायचा ते शोधा.” अण्णांच्या दोन्ही फोटोंनी पडदा भरला होता, मजकुराला खाली कुठेतरी जागा होती. हे त्याने मुद्दाम, अण्णांच्या सूचनेबरहुकूम केले होते. अण्णा बराच वेळ बोट फिरवीत राहिले. शेवटी फोन परत देत म्हणाले, “फोटो लहान कर.”

राहिली ती यादी. अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून जगातील पाने साठवीत आली आहे आणि २००१ पासून तो साठा कोणालाही पाहता येतो. मुलाने तिथे आमचे जुने पान शोधून काढले. पण उघडले तर त्यात मराठीचे एक अक्षर नाही. तीच रोमन भेसळ! करारात हे काम नव्हते. तरी त्याने तो टंक ओळखला, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर केले आणि रात्री उशिरा यादी मला पाठविली. बरीच नावे सरळ झाली होती. काहींत ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर चढली होती, काहींत रफार हरवला होता.

ती छापून मी तात्यांकडे गेलो. तात्या आमचे पहिले शिपाई, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी एकेक मोडके नाव ऐकून माणूस सांगितला. चार नावे मात्र त्यांनाही लागली नाहीत. ती आम्ही जशी होती तशीच ठेवली.

महोत्सवाच्या दिवशी संकेतस्थळ खुले झाले. मंडपाच्या कडेला तात्या नातवाच्या फोनवर ती यादी पाहत बसले होते. अक्षर बारीक लागत होते म्हणून नातवाने दोन बोटांनी ते मोठे करून दिले. मी मागून डोकावलो. पडद्यावर दुसरे काही उरले नव्हते. तात्यांच्या वडिलांचे नाव, आणि त्यापुढे दोन शब्द : एक दरवाजा.