पियानो, पेटी आणि पावसाळी हवा

इस्लापूरसारख्या गावात बाजाची पेटी भजनी मंडळाकडे किंवा शाळेत सापडते. पियानो मात्र तेथे पाहायला मिळत नाही. वास्तविक दोन्ही वाद्यांचे मूळ युरोपातले. मग एक खेडोपाडी पोहोचले आणि दुसरे महानगरातील सभागृहांपाशीच का थांबले? किंमत आणि वजन ही कारणे उघड आहेत. आणखी एक कारण हवेत दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

इटलीतील क्रिस्टोफोरी याने इ. स. १७०० च्या सुमारास पियानो बनवला. त्याचा सांगाडा लाकडी होता. पुढे तारा जाड झाल्या, ताण वाढला आणि लाकूड वाकू लागले. म्हणून १८२५ मध्ये बोस्टनच्या बॅबकॉकने ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. आजच्या मोठ्या मैफिली पियानोत सुमारे २३० तारा असतात. त्यांचा एकत्रित ताण २० टनांच्या आसपास भरतो आणि वाद्याचे वजन जवळजवळ अर्धा टन असते.

ताणाचा प्रश्न लोखंडाने सोडवला, पण तारांखालचा नादफलक स्प्रूसच्या लाकडाचाच राहिला. लाकूड रेषांच्या दिशेने फारसे वाढत नाही. रेषांना आडव्या दिशेने मात्र ते दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लोखंडावर दमटपणाचा असा परिणाम होत नाही. त्यामुळे पावसाळ्यात फलक वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात व स्वर चढतो. उन्हाळ्यात उलट घडते. उष्ण दमट प्रदेशांत सरसाचे सांधे सुटत, म्हणून तिकडे पाठवायच्या पियानोंना कारागीर सांध्यांत स्क्रूही बसवत.

पियानो हलवताना धक्क्याचा धोका असतोच. म्हणून पाय व पेडल काढून, लांब सरळ बाजूवर आडवा करून, घोंगड्यांत गुंडाळून तो पट्ट्यांनी बांधतात. पण दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात २८ अंश सेल्सिअस व ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. २२ अंशांची हवा जेमतेम १९ ग्रॅम बाष्प धरू शकते. वातानुकूलित सभागृहातून थंड पियानो बाहेर काढला, की उरलेले बाष्प तारांवर दवासारखे जमते आणि गंज धरतो. म्हणून बाहेर नेल्यावर वाद्य हवेच्या तापमानाला येईपर्यंत त्याचे वेष्टन सोडायचे नसते. नव्या जागी ते काही दिवस स्थिरावल्यावरच स्वरात लावतात.

पेटीचे गणित वेगळे आहे. १८४० च्या दशकात पॅरिसच्या दबॅं याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसून हाताने वाजवण्याजोगे रूप दिले. तिचा स्वर पितळी पट्टीच्या कंपनातून निघतो. त्या पट्टीला ना ताण, ना लाकडी फलकाचा आधार. त्यामुळे पावसाळ्यातही स्वर फारसा ढळत नाही. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. पुढे गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटक मंडळ्यांनी पायपेटी आणि ऑर्गन साथीला घेतले. मुक्काम बदलला तरी स्वर कायम राहणे ही त्यांची मोठीच सोय होती.

अर्थात पेटीचा स्वर टिकला तरी खोके लाकडाचेच आहे. दमट कोठीत पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या कापडाला बुरशी लागते, उंदीर चामडे कुरतडतात. शाळेची पेटी ओल्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंचावर ठेवावी, भाता बंद करूनच हलवावी आणि अधूनमधून वाजवावी. किनवटच्या जंगलातला साग बीचच्या तुलनेत निम्म्यानेच आकसतो. पेटीच्या खोक्यासाठी साग का निवडतात, हे यावरून कळेल.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. एकाच फळीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, एक रेषांच्या दिशेने कापलेली व दुसरी आडवी. दोन्हींची लांबी मोजा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. नादफलकाचे दुखणे मोजपट्टीवर दिसेल.