वाळवंट नदीचं होतं

पैनगंगा ही हिंगोली जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द. अलीकडे मराठवाडा, पलीकडे वाशिम आणि यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड. निजामाच्या काळात ही सीमा राज्यकारभाराची होती. आज ती बोलीत उरली आहे, आणि तीही पुसटच. पलीकडचा गवंडी ‘रेती’ मागतो, अलीकडचा ‘वाळू’. नदीकाठच्या गावांत सोयरिकी दोन्हीकडे असल्यामुळे दोन्ही शब्द एकाच घरात नांदतात, आणि सुनेच्या माहेरची रेती सासरी आली म्हणून कुणाचं काही अडत नाही. सरकारलाही एका शब्दावर भागवता आलेलं नाही. राज्याच्या 2025 सालच्या धोरणाचं नावच ‘वाळू-रेती निर्गती धोरण’ असं आहे. त्यातल्या ‘निर्गती’कडे पुढे येऊ.

वाळूचं कूळ सरळ आहे. संस्कृतात वालुका, प्राकृतात वालुआ, मराठीत वाळू. दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. फल-फळ, मूल-मूळ, काल-काळ ही त्याच वाटेवरची भावंडं. हिंदीने ‘ल’ राखला आणि ‘व’चा ‘ब’ केला, म्हणून तिकडे बालू. गुजरातीत वेळू आहे आणि कोकणीत रेंव. मराठीतला ‘रेव’ तिच्याच नात्यातला. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की वाळू म्हणजे वाळलेली ती. ऐकायला हे पटतं, पण वालुकेचा वाळण्याशी संबंध जोडता येत नाही. ‘वाळीत टाकणे’ तर आणखी दूरचं. त्यात वाळूचा कणही नाही. मात्र ही चुकीची व्युत्पत्ती लोकांना इतकी का पटते, ते पाहण्यासारखं आहे. वाळू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आता कोरडेपणा येतो. पूर्वी तसं नव्हतं, आणि हे भाषेतच नोंदलेलं आहे.

वालुकेहून जुना शब्द सिकता. रोजच्या मराठीत तो उरला नाही, पण हिंगोली जिल्ह्यात तो कानावर पडत नाही असंही नाही. औंढा नागनाथाच्या मंदिरात रुद्राचा अभिषेक चालू असतो तेव्हा यजुर्वेदातला हा शब्द उच्चारला जातो. रुद्राला ज्या ज्या ठिकाणी असणारा म्हणून नमस्कार केला आहे, त्यांत एक जागा अशी येते: काठावरच्या कोवळ्या गवतातला तो शष्प्य, फेसातला तो फेन्य, वाळूतला तो सिकत्य आणि प्रवाहातला तो प्रवाह्य. चारही नावं लागोपाठ येतात. म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नदीचा काठ आहे. गवत, फेस, वाळू, धार यांची त्याने फाळणी केलेली नाही.

या सिकतेचं मूळ फार मागे जातं. जुन्या फारशीत ‘थिका’ असा शब्द आहे. दरायस राजाने सुसा इथे महाल बांधला, त्याच्या शिलालेखात पाया खोल खणून त्यात ‘थिका’ भरल्याची हकीकत येते. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही खडी-वाळूचा उल्लेख बांधकामाच्या निमित्ताने होतोच. पण संस्कृतातला ‘स’ आणि इराणी भाषांमधला ध्वनी एकमेकांशी नियमाने जुळत नाहीत. म्हणून लुबोत्स्की यांच्यासारखे अभ्यासक असं मानतात की दोन्ही भाषांनी हा शब्द मध्य आशियातल्या कुठल्या तरी तिसऱ्याच, आता नाहीशा झालेल्या भाषेतून घेतला असावा. ज्यांची भाषा गेली त्यांचा वाळूचा शब्द औंढ्याच्या गाभाऱ्यात ऐकू येतो, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

तिसरा शब्द शर्करा. वेदात ती गोड नाही. शर्करा म्हणजे बारीक खडे, कंकर. अथर्ववेदात ती सिकतेच्या आणि दगडांच्या पंक्तीला बसलेली आहे. सुश्रुतानेही लघवीतून पडणाऱ्या खड्यांना शर्कराच म्हटलं. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडता यायला लागले तेव्हा ते दाणे खड्यांसारखे दिसले, आणि खड्यांचं नाव त्यांना मिळालं. पुढे तेच नाव फारशीत शकर, अरबीत सुक्कर होऊन युरोपात गेलं आणि शुगर म्हणून परत आलं. आपल्याकडे साखर. मराठीने त्यावर आणखी एक थर चढवला. साखरेचे मोठे खडे बांधले तेव्हा तिला खडीसाखर म्हटलं; मूळ धरून अर्थ लावला तर खड्यांचे खडे. वसमतला ज्या पूर्णा नदीच्या नावाने सहकारी साखर कारखाना उभा आहे, त्या पूर्णेच्या पात्रात शब्दाचा पहिला अर्थ पडलेला आहे आणि कारखान्याच्या पोत्यात दुसरा.

पात्रातली ही वाळू दिसते कशी तेही पाहावं. हिंगोलीचा सगळा मुलूख काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्या खडकात मुळात गारगोटीचे कण जवळजवळ नसतातच. तो झिजला की त्याची काळी चिकण माती होते, वाळू फार थोडी. खडकाच्या पोकळ्यांमध्ये मागाहून भरलेली गार, अकीक आणि पांढरे स्फटिक तेवढे टिकतात. म्हणून इथल्या कयाधू नदीच्या वाळूत काळसर कण जास्त आणि मधूनच पांढरा, तांबूस दाणा. काळ्या रानाच्या मुलखात वाळू ही नदीनेच निवडून, धुऊन, साठवून ठेवलेली वस्तू आहे. शेतात ती सापडत नाही.

आता वाळवंटाकडे. या एका शब्दासाठीच मी लिहायला बसलो.

आज शाळेत वाळवंट म्हणजे सहारा, थर, उंट, खजूर. वर्षाला अमुक इतक्या मिलिमीटरहून कमी पाऊस. पाणी नाही ते वाळवंट. पण वारकऱ्याला विचारा. त्याचं वाळवंट चंद्रभागेचं. पुंडलिकाचं देऊळ वाळवंटात आहे आणि त्याच्या पायऱ्यांना पाणी लागतं. कीर्तनं वाळवंटात झाली, दिंड्या वाळवंटात उतरल्या. स्नान करून माणूस ओल्या पायांनी जिथे येतो ती जागा वाळवंट. म्हणजे मराठीत हा शब्द मुळात पाण्याला लागून असलेल्या जागेचा आहे. कोकणातल्या पुळणीचंही तसंच. संस्कृत पुलिन म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला काठ, त्याची पुळण झाली. वाळू हा पदार्थ झाला. वाळवंट आणि पुळण ही ठिकाणं, माणसांनी जमायची.

हे हिंगोलीत सांगायला मला विशेष अधिकार वाटतो, कारण चंद्रभागेच्या वाळवंटाला ज्याने कीर्तनाने भरून टाकलं तो नामदेव परंपरेप्रमाणे इथला, नर्सीचा. नर्सी कयाधूच्या काठी. कयाधू वाशिम जिल्ह्यात उगम पावते, हिंगोली आणि कळमनुरीवरून जाऊन पैनगंगेला मिळते. नाव प्रल्हादाच्या आईचं. त्याच नामदेवाची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात देवाची ओढ कशी, तर निर्जल प्रदेशात पाण्याची असते तशी, असा भाव आहे. तिथे या निर्जल प्रदेशासाठी नामदेव शब्द वापरतात तो ‘मारवाड’. पद हिंदीतलं आहे आणि एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणं बरं नव्हे. तरी दोन जागा दोन नावांनी वेगळ्या राहिलेल्या दिसतात. तहानेची ती मारवाड, नाचायची ती वाळवंट. संस्कृतातही मरुभूमी वेगळी आणि पुलिन वेगळं.

मग आपण काय केलं? भूगोलाची पुस्तकं लिहिताना ‘डेझर्ट’ला शब्द हवा होता. मरुभूमी हाताशी असूनही वाळवंट चिकटला, आणि आता तोच पहिला अर्थ झाला. शब्दाचा अर्थ सरकतो यात नवल नाही. पण इथे तो उलट टोकाला गेला: नदीच्या कुशीतला शब्द नदीच नसलेल्या प्रदेशाचा झाला. नवीन पिढीतल्या मुलाला अभंगात वाळवंट भेटलं तर आधी उंट आठवेल, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकात कंसात एक ओळ घालून पहिला अर्थ देणं अवघड नाही.

म्हणींतही वाळूला पाण्याची संगत आहे. हिंदीत पायाखालची जमीन सरकते. मराठीत पायाखालची वाळू सरकते. ज्याने वाहत्या पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून टाचेखालून निसटणारे कण अनुभवले आहेत, त्यानेच हा वाक्प्रचार घडवला असणार. वाळू रगडून तेल काढण्याची गोष्ट मात्र वेगळी. ती भर्तृहरीच्या नीतिशतकातून आली, आणि सतराव्या शतकात वामन पंडितांनी सिकतेच्या जागी वाळू घालून ती मराठीत रुळवली. शाळेच्या भिंतीवर ती प्रयत्नांचं महत्त्व सांगायला लिहितात. मूळ श्लोकाचा रोख तसा नाही. तिथे म्हटलं आहे की वाळूतून एक वेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, पण हट्टी मूर्खाचं मन वळवता येणार नाही. अर्धा श्लोक उचलला आणि निराशेचं बोलणं उमेदीचं झालं. हे मला आवडतं. वाळवंटाच्या बाबतीत आपण गमावलं, इथे कमावलं.

अरबीत वाळूला ‘रमल’ म्हणतात. वाळूवर ठिपके काढून भविष्य सांगायची विद्या म्हणून रमलविद्या, आणि रमल हा शब्द मराठीत कितीतरी पिढ्या आहे. पुढे पासे आणि कागद आले, वाळू गेली, नाव तेवढं राहिलं.

घरात वाळू येते ती भाद्रपदात. हरतालिकेला बायका वाळूची पिंड करतात, पूजा झाली की ती पुन्हा पाण्यात सोडतात. वर्षातला हा एकच व्यवहार असा की त्यात नदीतून घेतलेलं नदीला परत जातं. बाकी भडभुंज्याच्या कढईत फुटाणे उडवणारी वाळू, आणि उन्हाळ्यातला झिरा. झिरा म्हणजे पात्र कोरडं पडल्यावर वाळूत हात-दोन हात खोल काढलेला खड्डा. थोडा वेळ थांबलं की त्यात गाळून निघालेलं नितळ पाणी साचतं. वाळूच्या ढिगात साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते, तिथे ते पाणी थांबलेलं असतं. काठच्या विहिरींना पाझर तिथूनच पोचतो. ज्यांनी झिऱ्यातून घागरी भरल्या त्यांना वाळू कोरडी असते असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता वर्तमानपत्राची भाषा पाहा. ‘अवैध वाळू उपसा’. उपसायचं ते पाणी किंवा गाळ, विहीर उपसतात. मराठीने वाळूला क्रियापद दिलं तेही पाण्याचंच. पण बाकीचे शब्द दुसऱ्या घरातून आले. घाट म्हणजे नदीला उतरायच्या पायऱ्या, धुण्याची, अंघोळीची जागा. वाळूघाट म्हणजे लिलावात बोली लागलेला पात्राचा तुकडा. पूर्वी बैलगाडीवर मोजत, आता ब्रासवर: 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. 2023 मध्ये सरकारने डेपो उघडून 600 रुपये ब्रासने विकायचं ठरवलं, 2025 मध्ये पुन्हा लिलावाकडे वळलं. घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत, हीसुद्धा याच धोरणातली तरतूद आहे, आणि ती चांगलीच आहे. पत्र्याखाली राहणाऱ्याला पक्कं घर हवंच. पण ‘निर्गती’ हा शब्द मला बोचतो. निर्गती लावायची ती जुन्या फायलींची, जप्त मालाची. नदीच्या तळाची कसली निर्गती?

‘गौण खनिज’ तर त्याहून जुनं. 1957च्या खाण कायद्याने साधी वाळू या वर्गात टाकली. गौण म्हणजे मुख्य नव्हे ते. सोन्या-लोखंडापुढे ती गौण ठरली असेल, पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या 2022च्या अंदाजानुसार जग वर्षाला सुमारे 5000 कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. याहून जास्त काढलं जाणारं घन द्रव्य दुसरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात लहानातल्या लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली, तेव्हा त्या ‘गौण’ला पहिला धक्का बसला.

आणि आता दगड फोडून केलेली वाळू आली आहे. शासन तिला कृत्रिम वाळू किंवा एम-सँड म्हणतं. बांधकामावरची माणसं क्रश सँड म्हणतात, चुरी म्हणतात. वाळू हा शब्द ते तिला सहसा देत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचा कान बरोबर आहे. तिच्या कडा धारदार असतात, पाण्याने त्या घासलेल्या नसतात. ती वापरली जावी, जितकी जास्त तितकं बरं. कयाधू आणि पूर्णा तेवढ्या वाचतील. पण तिच्यामुळे बोलीत एक बदल झाला आहे. कोंबडीला जसं ‘गावरान’ आणि तांदळाला ‘हातसडीचा’ जोडावं लागलं, तसं ट्रॅक्टरवाला आता भाव सांगताना ‘नदीची वाळू’ म्हणतो. आधी हे विशेषण कुणाला लागत नव्हतं.