लोखंडावरचा मुलामा

जयगडच्या किल्ल्यावरून एका बाजूस शास्त्री नदीची खाडी दिसते व दुसऱ्या बाजूस उघडा समुद्र. विजापूरकरांनी येथे किल्ला बांधला, पुढे संगमेश्वरच्या नाईकांनी तो आपल्या हाती ठेवला, मग आंग्र्यांचे आरमार आले आणि १८१८ साली तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. इतक्या राजवटी येथे आल्या व गेल्या, परंतु खारा वारा मात्र सर्वांनाच सोसावा लागला. या वाऱ्याला चिऱ्याचे काही वाटत नाही, लाकूड तो सोसतो, पण लोखंड दिसले की त्याला चावल्यावाचून राहत नाही. दाराची कडी, होडीचा खिळा, मोटारीचा बोल्ट, सर्वांची गत एकच.

या भूमीवर लोखंडाने गंजावे यात एका अर्थी नवल नाही. आपला जांभा दगड आणि आपली तांबडी माती लाल आहे ती तिच्यातील लोहाच्या प्राणिदामुळे. म्हणजे गंजाच्याच जातीच्या द्रव्यामुळे. मनुष्य दगडातून लोखंड काढतो तेव्हा कोळसा जाळून, भाता फुंकून त्याला त्याच्या प्राणवायूपासून बळेच वेगळे करतो. संधी मिळताच ते पुन्हा आपल्या मूळ स्थितीला जाऊ पाहते. त्याला पाणी आणि हवा एवढेच पुरते. पाण्यात मीठ असले की काम अधिक झपाट्याने होते. कारण गंजणे ही विजेच्या अगदी बारीक प्रवाहाने चालणारी क्रिया आहे, आणि खारट पाण्यातून हा प्रवाह सहज वाहतो.

हे परत जाणे लांबविण्यासाठी मनुष्याने जे उपाय केले, त्यांपैकी एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढविण्याच्या उपायाचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे. निमित्त आहे जुन्या मोटारींचे. या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींपुढे रंगापेक्षाही मोठा प्रश्न असतो तो बारीकसारीक लोखंडी सामानाचा: बोल्ट, चाप, बिजागऱ्या, मुठी, दिव्यांच्या चौकटी, बंपर. या सामानावर मूळचा मुलामा कोणता होता, आज कोणता चढवावा, आणि तो चढविताना कोणाचे काय बिघडते, या प्रश्नांची उत्तरे इतिहासातच सापडतात.

मुलाम्याची सर्वांच्या ओळखीची विद्या म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हे आपल्या आजीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. कल्हईवाला भांडे घासून तापवी, त्यावर नवसागर टाकी, पांढरा धूर उठे, आणि मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने पातळ धातू क्षणात सर्वत्र फिरवी. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला छोट्या भट्टीवरही होई. नवसागराचे काम भांड्यावरील मळीचा सूक्ष्म थर खाऊन टाकण्याचे. या एका कृतीत साऱ्या मुलाम्याचे पहिले तत्त्व आहे: खालचा पृष्ठभाग निर्मळ नसेल तर वरचा धातू धरत नाही. आजच्या कारखान्यातही निम्मे कष्ट धुण्या-घासण्यातच जातात.

आता दुसरा नेहमीचा अनुभव घ्या. रॉकेलचा डबा आणि जस्ती बादली, दोन्ही लोखंडी पत्र्याचीच. डब्याच्या पत्र्यावर कथलाचा थर, बादलीवर जस्ताचा. डब्याला पोचा येऊन ओरखडा पडला की तेथून गंज भराभर पसरतो. बादली मात्र खरवडली तरी बराच काळ टिकाव धरते. कथील लोखंडापेक्षा कमी झिजणारे आहे, त्यामुळे थर फुटला की झीज सारी उघड्या लोखंडाच्या वाट्याला येते. जस्त लोखंडापेक्षा अधिक झिजणारे, म्हणून ते स्वतः झिजते आणि शेजारच्या लोखंडाला वाचवते. एक मुलामा भिंतीसारखा असतो, तर दुसरा घरच्यांसाठी स्वतः झिजणाऱ्या वडीलधाऱ्यासारखा. पुढील सारा इतिहास या दोन जातींतील निवडीचा आहे.

हे जस्त मिळविण्यात आपल्या देशाने मोठा पराक्रम केला आहे. जस्त सुमारे ४२० अंशांवर वितळते आणि ९०७ अंशांवर त्याची वाफ होते. भट्टीत खनिजातून ते सुटते ते वाफेच्या रूपाने, आणि हवा लागताच त्याची राख होते. म्हणून जगात पुष्कळ ठिकाणी पितळ होते, पण शुद्ध जस्त नव्हते. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी यावर तोड काढली. मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत बसवावयाच्या, वरून आच द्यावयाची आणि वाफ खाली उतरवून थंड भांड्यात धरावयाची. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात या कृतीचे वर्णन आहे, आणि १९८० नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननात मुशींनी भरलेल्या भट्ट्याच सापडल्या. ब्रिस्टल येथे विल्यम चॅम्पियन याने जस्ताच्या कृतीचा एकाधिकार घेतला तो १७३८ साली. जावरला हा उद्योग त्याआधी कित्येक शतके चालू होता. तथापि आपल्याकडे या जस्ताचा उपयोग मुख्यतः पितळेसाठी व औषधांसाठी झाला. जस्त लोखंडाचे रक्षण करील ही कल्पना पुढे फ्रान्समध्ये आली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

त्या कल्पनेला शास्त्राचा पाया मिळाला तो समुद्रावर. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही याने गलबतांच्या तळाशी ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे अथवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजावयाचे थांबले. परंतु झिजणाऱ्या तांब्याचे विष पाण्यात उतरत होते म्हणूनच शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हते; तांबे वाचले आणि तळ शेवाळाने भरून गलबते मंदावली. शास्त्र खरे ठरले आणि उपाय फसला! एका ठिकाणची झीज थांबविली की तिची किंमत दुसरीकडे कोठे द्यावी लागते हे आधी पाहावे, हा त्यातला धडा पुढेही उपयोगी पडणार आहे. १८३७ साली सोरेल या फ्रेंच गृहस्थाने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याच्या कृतीचा एकाधिकार घेतला आणि जस्ती पत्र्याचे युग सुरू झाले.

जयगडच्या दीपगृहाचा मनोरा १९३२ सालचा, आणि तोही बिडाच्या लोखंडाचा. अशा उंच मनोऱ्याला जस्ताच्या कढईत कोण बुडविणार? त्याचे रक्षण रंगाने व वारंवार केलेल्या देखभालीने झाले. मुलाम्याची मर्यादा आणि माणसाच्या हाताची गरज त्या एका मनोऱ्यावरून कळते.

विजेने मुलामा चढविण्याची विद्या व्होल्टाच्या १८०० सालच्या बॅटरीतून निघाली. १८०५ साली ब्रुन्यातेल्ली याने विजेने सोन्याचा मुलामा दिला, आणि १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने ही कला व्यापारात आणली. धातूच्या क्षाराच्या पाण्यात वस्तू टांगावयाची, तिला बॅटरीचे ऋण टोक जोडावयाचे, आणि जितकी वीज वाहील तितका धातू तीवर बसेल. हा हिशेब फॅरडेने १८३३–३४ च्या सुमारास बसवून दिला. यामुळे थर वाटेल तितका पातळ देता येऊ लागला. कारागिरांची सोय झाली, आणि फसवणुकीचीही. चकाकी पहिल्या काही क्षणांतच येते. संरक्षण मात्र जाडीतून येते, आणि जाडी डोळ्यांना दिसत नाही.

मोटारीच्या इतिहासात या विद्येचे थर एकावर एक दिसतात. पहिल्या गाड्यांचे दिवे व चौकटी पितळेच्या असत आणि त्या रोज घासाव्या लागत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निकेलचा मुलामा रूढ झाला. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रोमियम आले आणि त्याने निकेलला झाकून टाकले. झाकून टाकले असे आम्ही अक्षरशः म्हणतो, कारण क्रोमचा शोभेचा थर अर्ध्या मायक्रॉनहून फारसा जाड नसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लोखंडाला वाचविते ते खालचे निकेल. निकेलला किंचित पिवळसर झाक असते, क्रोमला निळसर. म्हणून १९२५ च्या गाडीवर निळसर झगमगाट दिसला की जाणत्याने ओळखावे, हा मागाहून चढविलेला साज आहे.

आतल्या भागांची कथा निराळी. बोल्ट, चाप आणि कार्ब्युरेटरचे दांडे यांवर अनेक गाड्यांत कॅडमियम असे. १८१७ साली सापडलेला हा धातू १९१९ च्या सुमारास मुलाम्याच्या व्यापारात आला. तो जस्ताप्रमाणेच लोखंडासाठी स्वतः झिजतो, खाऱ्या हवेत उत्तम टिकतो, आणि आटे सैलसर फिरू देतो. समुद्रकाठच्या माणसाला याहून काय हवे? परंतु जपानमध्ये जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीचे कॅडमियम पाण्यातून भातशेतीत गेले, आणि हाडे ठिसूळ होऊन माणसे वेदनांनी कण्हू लागली. १९६८ साली तेथील सरकारने या रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. क्रोमची कथाही अशीच. टाकीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला क्रोमच्या वाफाऱ्याने भोके पडत, आणि षट्संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण होते हे आता निःसंशय ठरले आहे. २००० साली युरोपीय संघाने नव्या मोटारींतून कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम हद्दपार करण्याचा निर्बंध केला. जे तेज शोभिवंत गाडीवर आपण पाहतो त्याची किंमत टाकीवरच्या माणसाने आणि टाकीखालच्या नाल्याने दिली आहे. डेव्हीचा धडा येथे पुन्हा आठवावा.

महाराष्ट्रात या विषयाला आपुलकीचा एक धागा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट बाहेर पडली तीच नंतर पद्मिनी झाली. तिचा क्रोमचा बंपर आणि जाळी तीन पिढ्यांनी पाहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. कालपर्यंत भाड्याने फिरणारी गाडी आज जतन करण्याची वस्तू बनली. तेव्हा ‘जुनी मोटार’ म्हणजे संस्थानिकांचीच, हा समज सोडला पाहिजे. कोकणातल्या अनेक घरांच्या पडवीत अशी एखादी फियाट आजही ताडपत्रीखाली उभी असेल, आणि ती वाचविण्याचा प्रश्न घरचाच आहे.

मग करावे काय? प्रथम जाडीचा हिशेब. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मध्यम हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, तर उग्र खाऱ्या हवेत ४.२ ते ८.४. बाजारातल्या बोल्टवर आठ मायक्रॉनचा थर असला तर तो घाटावर चार ते अकरा वर्षे जाईल आणि उघड्या समुद्रकाठी एक-दोन वर्षांत संपेल. पुण्यात चाललेला उपाय जयगडला चालेलच असे नाही. म्हणून येथे कारागिराला चकाकीपेक्षा मायक्रॉन विचारावेत. कॅडमियमच्या जागी जाड जस्त आणि त्यावर त्रिसंयुजी क्रोमियमचा रक्षक थर घ्यावा. दिसण्यात थोडा फरक पडेल, तो सोसावा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. विजेच्या टाकीत व आम्लात कठीण पोलाद हायड्रोजन शोषून घेते आणि ठिसूळ होते. असा बोल्ट दिसायला नवा, पण भार येताच अचानक मोडतो. म्हणून असे भाग मुलाम्यानंतर लगेच सुमारे १९० ते २२० अंशांवर काही तास तापवावे लागतात. हे ज्या कारागिराला ठाऊक नाही त्याच्याकडे चाकाचे व स्टिअरिंगचे बोल्ट देऊ नयेत. गाडी चालविणार आहे तो तुमचाच मुलगा किंवा नातू असेल.

तिसरी गोष्ट इतिहासाची. जुना मुलामा हा पुरावा आहे. तो आम्लात टाकण्यापूर्वी झाकलेल्या कोपऱ्यातला एखादा तुकडा, एखादा बोल्ट, जसाच्या तसा राखून ठेवावा आणि त्यावर तारीख लिहावी. जे टिकले आहे ते तेल-ग्रीस लावून टिकवावे. जे गेले आहे तेच नव्याने करावे. सारेच नवे करून त्याला जुने म्हणणे हा इतिहासावरचा मुलामा होय.

आणि चौथी गोष्ट कारागिराची. १९४८ साली पायाभरणी होऊन १९५३ साली कारैकुडी येथे केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था उभी राहिली. गंज व मुलामा हे तिचे अभ्यासविषय. ज्ञान देशात आहे. ते गावच्या छोट्या टाकीपर्यंत पोहोचले, तेथल्या पोराच्या हातात मोजे आणि डोक्यावर धूर ओढून घेणारा पंखा आला, टाकीचे पाणी शुद्ध झाल्याशिवाय खाडीत उतरले नाही, तरच ही विद्या आपली झाली असे म्हणता येईल. शास्त्रीच्या खाडीवर मासळीसाठी जगणारी माणसे राहतात. चार बंपर झळकावेत म्हणून त्यांच्या ताटात विष जावे, असा सौदा कोणाही सुजाण नागरिकाला मान्य होणार नाही.

कल्हईवाल्याची हाक आता क्वचितच कानी येते; स्टीलच्या भांड्यांनी त्याचा धंदा नेला. गंज मात्र गेलेला नाही, जावयाचाही नाही. त्याला कायमचे जिंकता येत नाही, थोपविता मात्र येते. ते किती काळ आणि कोणाच्या जिवावर, हे ठरविणे आपल्या हाती आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपण एकाच वेळी मागू लागलो, तर पडवीतली फियाटही वाचेल आणि खाडीही.