नळाचा गळपट्टा

शहरांच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगूं लागलों कीं आपण धरणांची उंची, तलावांचा विस्तार आणि कालव्यांची लांबी मोठ्या कौतुकानें वर्णन करतों. परंतु धरण आणि घरांतील तोटी यांच्यामध्यें हजारों नळ टोकाला टोक लावून मांडलेले असतात, आणि जेथें दोन नळांचीं टोकें भेटतात तेथेंच सर्व योजनेची खरी कसोटी लागते. नळ घडविणें मनुष्याला फार प्राचीन काळींच साधलें. एका नळाला दुसरा नळ खात्रीनें जोडणें मात्र त्याला सुमारें चार हजार वर्षें नीटसें साधलें नाहीं. नळांच्या भेटणाऱ्या टोकांवर जें कडें चढवितात त्याला इंग्रजींत 'कॉलर' म्हणतात; आपण त्याला गळपट्टा म्हणूं. या दिसण्यांत क्षुल्लक अशा वस्तूची कथा मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

क्रीट बेटांतील क्नोसॉसच्या राजवाड्यांत भाजलेल्या मातीचे नळ सांपडले आहेत. प्रत्येक नळ एका टोकाला निमुळता. तें टोक पुढील नळाच्या रुंद तोंडांत शिरे. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस यानेंही हीच रीत सांगितली असून, फट बुजविण्यासाठीं तेलांत मळलेला चुना वापरावा, असा सल्ला दिला आहे. आपल्याकडे मराठवाड्यांत मलिक अंबराच्या खडकी शहरीं, म्हणजे पुढील काळच्या औरंगाबादेस व आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, डोंगरांतील झऱ्यांचें पाणी भूमिगत मार्गांनीं आणलें गेलें. तेथील पाणचक्कीचें पाणी खापरी नळांतूनच येई. पाणी उतारानें संथ वाहत असेल, तर असा चुन्याचा सांधा पिढ्यान् पिढ्या टिकतो.

अडचण उत्पन्न होते ती पाण्याला दाब आला म्हणजे. शंभर फूट उंचीवर सांठविलेलें पाणी खालच्या नळांत दर चौरस इंचास सुमारें ४३ पौंडांचा दाब देतें. ३० इंच व्यासाच्या नळाचें टोक बंद केलें, तर त्या बुचावर अशा पाण्याचा रेटा तेरा टनांहून अधिक भरतो. आतां हा रेटा पेलणारा, थेंब न गाळणारा आणि तरीही रस्त्याच्या खड्ड्यांत उभें राहून साध्या हत्यारांनीं बसवितां येणारा सांधा हवा, हा खरा प्रश्न होता.

लंडन शहरांत दीर्घकाळ एल्म वृक्षाचीं खोडें पोखरून नळ करीत. एका खोडाचें टोक तासून दुसऱ्यांत ठोकून बसवीत. लांकूड कुजे, सांधे पाझरत आणि दाब बेताचाच ठेवावा लागे. ओतीव लोखंड आलें तेव्हां नळ बळकट झाले, पण सांध्याची चिंता मिटली नाहीं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६६४ च्या सुमारास व्हर्साय येथील कारंज्यांसाठीं ओतीव लोखंडाचे नळ घातले. अशा नळांच्या टोकांना पसरट कडा असत. दोन कडांमध्यें चामडें किंवा शिसें घालून त्या बोल्टांनीं आवळीत. हा सांधा मजबूत खरा, पण अत्यंत ताठ. खालची जमीन थोडी खचली कीं तो वांकत नसे. नळाची कडच फुटे.

या पेंचांतून पहिली वाट काढली ती लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठा कंपनीचे अभियंते टॉमस सिम्प्सन यांनीं, १७८५ सालीं. त्यांनीं जुनी क्नोसॉसचीच कल्पना लोखंडांत उतरविली. नळाचें एक टोक घंटेसारखें रुंद, दुसरें सरळ. सरळ टोक रुंद तोंडांत घालावें, भोंवतालच्या फटींत प्रथम तागाची दोरी ठोकून बसवावी, मग तोंडाशीं ओल्या मातीचा बांध घालून वितळलेलें शिसें ओतावें. शिसें थिजतांना किंचित् आकसतें, म्हणून तें छिन्नी-हातोड्यानें पुन्हां ठोकून घट्ट करावें. हा सांधा इतका उपयुक्त ठरला कीं पुढें दीडशें वर्षें जगांतील शहरें त्याच्यावर विसंबून राहिलीं. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० सालीं आलें, तो काळ या शिशाच्या सांध्याच्या भरभराटीचाच होय.

शिशाचा गुण असा कीं तें मऊ आहे; नळ जरासा हालला तर तें फुटत नाहीं, नमतें. आणि त्याचा दोषही तोच. एकदां नमलेलें शिसें पूर्वस्थितीला येत नाहीं. दिवसा नळ तापून लांबतो, रात्रीं निवून आंखडतो. तपमानांत ३० अंश सेल्सियसचा फरक पडला, तर एक मैल लांबीच्या मोकळ्या पोलादी नळाच्या लांबींत सुमारें २३ इंचांचा फरक पडतो. ही ओढाताण सांध्यांत वांटली जाते. प्रत्येक वेळीं शिसें केंसभर बाहेर सरकतें आणि तेथेंच राहतें. सांधा एका दिवसांत फुटत नाहीं. तो वर्षानुवर्षें सैल होत जातो.

शिशाच्या सांध्यावर मनुष्यानें टाकलेला सर्वांत मोठा भार कोणता, हें पाहावयाचें तर पश्चिम ऑस्ट्रेलियांत जावें लागेल. तेथें कूलगार्डी येथें १८९२ सालीं व कॅलगूर्ली येथें १८९३ सालीं सोनें सांपडलें. हजारों लोक त्या रुक्ष प्रदेशांत धांवले. सोनें होतें, पण पाणी नव्हतें. तेव्हां त्या वसाहतीचे मुख्य अभियंते चार्ल्स यल्व्हर्टन ओ'कॉनर यांनीं एक अचाट योजना मांडली. पर्थजवळच्या डोंगरांत हेलेना नदीवर धरण बांधावें आणि तेथून ३३० मैलांवरील सोन्याच्या खाणींपर्यंत आठ पंपगृहांच्या साह्यानें पाणी चढवीत न्यावें. दररोज ५० लक्ष गॅलन पाणी न्यावयाचें होतें, व त्यासाठीं पंचवीस लक्ष पौंडांचें कर्ज काढण्यांत आलें.

या कामासाठीं ३० इंच व्यासाचे व २८ फूट लांबीचे सुमारें साठ हजार पोलादी नळ लागले. मेफन फर्ग्युसन या कारखानदारानें ते रिव्हेटांवांचून करण्याची युक्ति काढली होती: दोन अर्धगोल पत्रे लांब पट्टीच्या खांचेंत अडकवून दाबले कीं नळ तयार. परंतु हे साठ हजार नळ एकमेकांना जोडावयाचे कसे? दोन नळांचीं टोकें समोरासमोर आणून त्यांवर पोलादी कडें चढवावयाचें आणि कडें व नळ यांमधील फटींत शिसें ओतावयाचें, अशी योजना ठरली. हाच आपला गळपट्टा. म्हणजे जितके नळ, जवळजवळ तितके गळपट्टे, आणि प्रत्येक गळपट्ट्याच्या दोन्ही बाजूंस शिसें ठोकावयाचें. हातानें हें काम कधीं संपणार, म्हणून शिसें ठोकण्याचें यंत्र पुढें आलें. आणि त्या यंत्राच्या मालकांना कामाचा मक्ता देण्याच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें.

पर्थच्या वर्तमानपत्रांतून ओ'कॉनर यांच्यावर भ्रष्टाचाराचे व नालायकीचे आरोप होऊं लागले. पाणी कधींच पोंचणार नाहीं, असेंही बोललें जाऊं लागलें. सरकारनें चौकशी नेमली. दहा मार्च १९०२ रोजीं सकाळीं ओ'कॉनर नेहमींप्रमाणें घोड्यावर बसून समुद्रकिनाऱ्याकडे गेले आणि तेथें त्यांनीं स्वतःच्या हातानें आपलें जीवित संपविलें. मागें ठेवलेल्या चिठ्ठींत, योजना योग्य आहे आणि संधि मिळती तर आपण ती पुरी केली असती, असा आशय होता. आणि तिच्याखालीं धरणाच्या बाजूच्या भिंतींविषयीं एक कामाची सूचना. मरणाच्या दारांतही या मनुष्याचें लक्ष कामावरून ढळलें नव्हतें. पुढें चौकशींत त्यांच्यावर कसलाही कलंक राहिला नाहीं. जानेवारी १९०३ मध्यें, म्हणजे त्यांच्यामागें वर्षही पुरें झालें नव्हतें तेव्हां, कॅलगूर्लीस पाणी पोंचलें.

टीकाकार खोटे ठरले. परंतु शिशाचा स्वभाव कांहीं बदलला नाहीं. काळ लोटला तसे ते सांधे पाझरूं लागले, आणि खारट मातीनें पोलादही गंजूं लागलें. अखेर १९३० नंतरच्या वर्षांत तो नळ ठिकठिकाणीं जमिनीवर उचलून घेऊन सांधे वितळजोडानें, म्हणजे वेल्डिंगनें, बंद करण्यांत आले. योजना आजही चालू आहे, पण शिशाचा गळपट्टा हा तिचा दुबळा भाग ठरला.

आतां नवल असें कीं या दोषावरचा उपाय ओ'कॉनर यांच्या कामापूर्वींच सांपडला होता; फक्त तो निराळ्या देशांत आणि निराळ्या धंद्यांत सांपडला होता. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत ब्रॅडफर्ड या गांवीं तेलाच्या विहिरी होत्या. तेथें सॉलोमन ड्रेसर नांवाच्या गृहस्थानें १८८० सालीं विहिरींत तेल व पाणी अलग ठेवणाऱ्या रबरी बुचाचें पेटंट मिळविलें. चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधकाबरोबर रबर तापविण्याची क्रिया शोधल्यापासून रबर उन्हांत चिकट व थंडींत ठिसूळ होण्याचें थांबलें होतें. दाबलेलें रबर पुन्हां फुगूं पाहतें, हा त्याचा गुण ड्रेसर यांनीं विहिरींतून नळाच्या सांध्याकडे नेला.

त्या भागांत जमिनींतून जळाऊ वायु निघे व तो दूरच्या गांवांना न्यावयाचा असे. पाण्याचा सांधा पाझरला तर रस्ता ओला होतो. वायूचा पाझरला तर घर उडून जातें. नळांच्या टोकांना आटे पाडून ते पिळून बसवावे, तर आट्यांशीं नळाची जाडी कमी होऊन तो तेथेंच मोडे. ड्रेसर यांनीं काय केलें? नळांचीं टोकें सरळच ठेवलीं. दोन्ही टोकांवर एक रुंद कडें सरकविलें. त्या कड्याच्या दोन्ही तोंडांशीं एकेक रबरी वळें बसविलें, त्यांच्यामागें एकेक लोखंडी चकती ठेवली, आणि दोन्ही चकत्या लांब बोल्टांनीं एकमेकींकडे ओढल्या. बोल्ट आवळतांच रबर चेंगरून नळाच्या अंगाला घट्ट बिलगतें. भट्टी नको, वितळलेलें शिसें नको. एक पाना पुरे. नळ तापून लांबला तर कड्यांतल्या कड्यांत सरकतो, जमीन खचली तर किंचित् कलतो, आणि रबर त्याची पाठ सोडीत नाहीं. पुढें ड्रेसर १९०३ ते १९०७ अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासदही होते. पण त्यांचें नांव राहिलें तें या गळपट्ट्यामुळें.

एक उणीव मात्र होती. हा गळपट्टा नळांना गळती लागूं देत नसे, पण त्यांना एकमेकांपासून ओढून काढणाऱ्या रेट्याला तो फारसा विरोध करूं शकत नसे. वळणांवर नळाला निराळा टेकू द्यावा लागे. ही उणीव भरून निघाली ती पहिल्या महायुद्धाच्या धांदलींत. ब्रिटिश सैन्याच्या रॉयल एंजिनिअर्स पथकांतील लेफ्टनंट अर्नेस्ट ट्राइब यांनीं नळाच्या प्रत्येक टोकाजवळ एक उथळ खांच पाडली आणि गळपट्ट्याचे दोन अर्ध करून त्यांच्या आंतल्या कडा त्या खांचांत अडकविल्या. दोन बोल्ट आवळले कीं दोन्ही नळ कुलुपासारखे जखडले. आंतलें रबरी वळें पोकळ ठेवलेलें असे, आणि त्याचे ओठ नळावर टेकलेले असत. नळांतील पाणी त्या पोकळींत शिरून ओठांना नळावर दाबी. म्हणजे दाब जितका अधिक, सांधा तितका घट्ट. ज्या दाबानें आजवर सांधे फोडले, त्यालाच त्यांनीं सांध्याचा पहारेकरी नेमलें! १९१९ सालीं या शोधावर कंपनी निघाली, आणि 'व्हिक्टरी' व 'हायड्रॉलिक' या दोन शब्दांचा सांधा जुळवून 'व्हिक्टॉलिक' हें नांव रूढ झालें.

दुसऱ्या महायुद्धांत या गळपट्ट्यानें हिंदुस्थानच्या भूमीवरही काम केलें. चीनला इंधन पोंचविण्यासाठीं कलकत्त्याच्या बाजूनें आसाम, तेथून ब्रह्मदेशाचे डोंगर ओलांडून कुनमिंगपर्यंत सुमारें १८०० मैलांची नळयोजना उभारण्यांत आली व १९४५ सालीं तिच्यांतून इंधन चीनमध्यें पोंचलें. डोंगराळ भागांत खांद्यावर वाहून नेण्याजोगे हलके चार इंची नळ वापरले, व ते अशाच दुभंगी गळपट्ट्यांनीं जोडले. त्या अरण्यांत, त्या पावसांत शिशाची भट्टी पेटवीत कोण बसणार होता?

१९५० नंतर शहरांच्या जलवाहिन्यांतही रबरी वळ्याचे सांधे सर्रास आले आणि शिसें ओतण्याची जुनी विद्या मागें पडली. आज उंच इमारतींच्या जिन्याशीं आगीसाठीं ठेवलेले तांबडे नळ आपण पाहतों. त्यांच्यावर ठराविक अंतरानें दोन बोल्टांचें जें जाड कडें दिसतें, तें पुष्कळदां ट्राइब यांच्याच कल्पनेचें अपत्य असतें. संकटाच्या घडींत त्या इमारतींतील माणसांचा जीव त्या दोन बोल्टांवर अवलंबून असतो.

या सर्व इतिहासांतून एकच गोष्ट ठळकपणें दिसते. चुना ताठ होता, तो तडकला. लोखंडाची कड ताठ होती, ती फुटली. शिसें नमलें, पण पुन्हां सांवरलें नाहीं. जें नमतें आणि पुन्हां सांवरतें, तेंच अखेर टिकलें. आणि याबरोबर आणखीही एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ओ'कॉनर यांचा पुतळा आज फ्रीमँटल येथें उभा आहे. धरणें बांधणाऱ्यांचीं नांवें दगडांवर कोरलीं जातात. परंतु त्या साठ हजार कड्यांत ज्यांनीं उन्हांत उभें राहून शिसें ओतलें व ठोकलें, त्या मजुरांचीं नांवें दगडावर नाहींत. खाणींतील तहानलेल्या माणसांपर्यंत पाणी पोंचलें तें त्यांच्या हातांतूनच गेलें. म्हणून रस्त्यांत खणलेल्या चरांत कोणी गडी वांकून नळाचा गळपट्टा आवळीत असलेला दिसला, तर रहदारी अडली म्हणून त्रासून न जातां क्षणभर त्याच्या हातांतील पान्याकडे पाहावें. आपल्या शहराची तहान त्याच्या त्या शेवटच्या पिळावर अवलंबून आहे.