पिवळ्या जर्सीआधी : ब्राझीलने पांढरा रंग का सोडला?

ब्राझीलचा फुटबॉल म्हटला की पिवळी जर्सी डोळ्यांसमोर येते. पण ब्राझीलने आपल्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना या जर्सीत जिंकलेला नाही. जिने ती रेखाटली ती व्यक्ती उरुग्वेची चाहती होती. आणि १९५० च्या पराभवानंतर जुनी पांढरी जर्सी तत्काळ फेकून देण्यात आली, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट कागदपत्रांच्या कसोटीवर टिकत नाही. हा धागा त्या जर्सीच्या इतिहासाविषयी.

आरंभ पांढऱ्यापासून. २१ जुलै १९१४ रोजी रिओ दि जनेरोमध्ये ब्राझीलचा राष्ट्रीय संघ प्रथमच मैदानात उतरला. समोर एक्झेटर सिटी हा दौऱ्यावर आलेला इंग्लिश क्लब होता. ब्राझीलने तो सामना २-० असा जिंकला. अंगात पांढरे शर्ट होते. पांढऱ्यामागे फार मोठा विचार असल्याचे दिसत नाही. त्या काळी अनेक संघ पांढरे घालत, आणि प्रतिस्पर्धीही पांढऱ्यात आला तर दुसरे काहीतरी चढवून वेळ निभावली जाई.

१९१९ मधला एक प्रसंग मात्र नोंदवण्यासारखा आहे. त्या वर्षी रिओमध्ये दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ब्राझीलने ती प्रथमच जिंकली. याच स्पर्धेत उरुग्वेचा तरुण गोलरक्षक रोबेर्तो चेरी जखमी झाला आणि रिओतच मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १ जून रोजी ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात सामना झाला. अर्जेंटिनाने उरुग्वेची आकाशी जर्सी घातली, तर ब्राझीलने चेरीच्या पेन्यारोल क्लबची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. शत्रूच्या रंगात मैदानावर उतरणे हा तेव्हा शोक व्यक्त करण्याचा मार्ग होता. पुढे जे घडले त्या पार्श्वभूमीवर हे आठवणीत ठेवावे.

आता १६ जुलै १९५०. स्थळ माराकाना, रिओ. त्या विश्वचषकात अंतिम सामना अशी रचनाच नव्हती. चार संघांची अखेरची साखळी होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे चिरडले होते. उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. अधिकृत नोंदीप्रमाणे तिकीट काढून आलेले प्रेक्षक १,७३,८५० होते, प्रत्यक्ष गर्दी दोन लाखांच्या घरात मानली जाते. सामना सुरू होण्याआधीच रिओतील एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र 'जगज्जेते' म्हणून छापून टाकले होते.

मध्यंतरानंतर लगेच फ्रियासाने ब्राझीलला आघाडी मिळवून दिली. ६६ व्या मिनिटाला स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९ व्या मिनिटाला आल्सिदेस गिज्जा उजव्या बगलेतून आत घुसला. गोलरक्षक बार्बोसाला वाटले, तो चेंडू मध्यभागी देईल, म्हणून तो किंचित पुढे सरकला. गिज्जाने चेंडू त्याच्या आणि खांबाच्या मधल्या फटीतून जाळ्यात मारला. उरुग्वे २, ब्राझील १. फिफाचे अध्यक्ष जूल रिमे यांनी गर्दीगोंधळात, कोणत्याही समारंभाविना, चषक उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेलाच्या हातात ठेवला.

(१९५० ची स्पर्धा भारतीयांच्याही एका दंतकथेत अडकलेली आहे. भारत पात्र ठरूनही ब्राझीलला गेला नाही, आणि 'फिफाने अनवाणी खेळू दिले नाही' हे त्याचे कारण म्हणून आजही सांगितले जाते. त्या काळच्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे ते नाकारले. भारतीय महासंघाला तेव्हा ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाचे महत्त्व वाटतच नव्हते.)

पराभवानंतर दोष कुणावर गेला? तीन खेळाडूंवर : गोलरक्षक मोआसीर बार्बोसा, बचावपटू जुव्हेनाल आणि बिगोदे. तिघेही कृष्णवर्णीय अथवा मिश्रवंशीय. हा योगायोग नव्हता, असे ब्राझीलमधील फुटबॉलचे आद्य इतिहासकार मारिओ फिल्हो यांनी आपल्या ग्रंथाच्या १९६४ च्या आवृत्तीत मांडले. गुलामगिरी संपून जेमतेम ६२ वर्षे झालेल्या समाजात पराभवाचे खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल, हे जणू आधीच ठरलेले होते. बार्बोसा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता. त्यानंतर राष्ट्रीय संघात त्याला जवळपास स्थानच उरले नाही. तो २००० मध्ये वारला. ब्राझीलमध्ये सर्वांत मोठी शिक्षा ३० वर्षांची असताना आपण ५० वर्षे शिक्षा भोगतो आहोत, अशी खंत त्याने अखेरच्या काळात बोलून दाखवली होती.

दुसरा आरोपी होता पांढरा शर्ट. निळी कॉलर असलेला तो शर्ट निस्तेज आहे, त्यात राष्ट्राचे काहीच नाही, अशी टीका होऊ लागली. राष्ट्रध्वजातील हिरवा आणि पिवळा हे मुख्य रंग त्यात कुठेच नव्हते, हे खरेही होते. पण दंतकथा इथेच घाई करते. ब्राझीलने त्यानंतर जवळपास दोन वर्षे एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. १९५२ मध्ये सान्तियागो येथे पॅन-अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेसाठी संघ पुन्हा उतरला तो पांढऱ्यातच. त्याच स्पर्धेत त्याने उरुग्वेला ४-२ असे हरवले आणि विजेतेपदही मिळवले. म्हणजे 'शापित' ठरलेल्या शर्टाने माराकानाचा हिशेब दोन वर्षांत चुकता केला होता. तरीही तो वाचला नाही. १९५३ मध्ये लिमा येथे पॅराग्वेकडून दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद गमावल्यावर असंतोष पुन्हा उसळला. सान्तियागोचा विजय लोकस्मृतीत राहिला नाही, माराकानाचा पराभव राहिला.

१९५३ मध्येच रिओच्या 'कोर्रेइओ दा मान्या' या वृत्तपत्राने क्रीडा महासंघाच्या संमतीने नव्या पोशाखासाठी स्पर्धा जाहीर केली. अट एकच होती, पण अवघड : ध्वजातील हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग वापरले पाहिजेत. तीन रंग जुळवणे सोपे असते, चौथा आला की पोशाखाचा तमाशा होतो.

हे कोडे सोडवले आल्दीर गार्सिया श्ले याने. तो तेव्हा विशीतही पोहोचला नव्हता. दक्षिणेकडील पेलोतास शहरात एका स्थानिक वृत्तपत्रासाठी तो चित्रे काढत असे. शंभरावर जुळण्या करून पाहिल्यावर त्याला उत्तर सापडले : हिरवा आणि पिवळा वर, निळा आणि पांढरा खाली. पिवळा शर्ट, कॉलर व बाह्यांना हिरवी किनार, निळी अर्धी विजार, तिच्या कडेला पांढरी पट्टी, पांढरे मोजे. या मांडणीत गेल्या सात दशकांत मूलभूत असा बदल झालेला नाही.

श्लेचा जन्म जाग्वाराव या गावचा. नदीच्या एका तीरावर ब्राझीलचे जाग्वाराव आणि पलीकडे उरुग्वेचे रिओ ब्रांको, मध्ये पूल. तो पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत वाढला, पुढे दोन्ही भाषांत लिहू लागला. १६ जुलै १९५० रोजी तो पलीकडच्या तीरावरील चित्रपटगृहात होता. खेळ मध्येच थांबवून उरुग्वे जगज्जेता झाल्याची घोषणा झाली, ही आठवण त्याने पुढे सांगितली आहे. फुटबॉलमध्ये त्याचे मन उरुग्वेकडे होते आणि ते त्याने कधी लपवले नाही. ब्राझीलच्या राष्ट्रीय अस्मितेची सर्वांत प्रसिद्ध वस्तू सीमेवरच्या अशा माणसाने घडवली, हे विसंगत वाटते खरे. पण राष्ट्राचे रंग सीमेवरच्या माणसाला रोज दिसतात, राजधानीतल्या माणसाला सणासुदीला.

त्या रंगांच्या अर्थाविषयीही थोडे. हिरवा म्हणजे अरण्य आणि पिवळा म्हणजे सोने, हा प्रचलित अर्थ नंतरचा. १८२२ मध्ये ब्राझील स्वतंत्र झाले तेव्हा हिरवा सम्राट पेद्रो पहिला याच्या ब्रागान्सा घराण्याचा आणि पिवळा सम्राज्ञी लिओपोल्दिनाच्या हाब्सबुर्ग-लोरेन घराण्याचा होता. राजघराणी गेली, १८८९ मध्ये प्रजासत्ताक आले, रंग राहिले, त्यांचा अर्थ बदलला. या रंगांबाबत हे पुन्हा घडणार होते.

मार्च १९५४ मध्ये माराकानावर ब्राझीलने चिलीला १-० असे हरवले. रिओच्या प्रेक्षकांना नवी जर्सी दिसली ती तेव्हा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात ती बर्नच्या मैदानावर हंगेरीकडून ४-२ असा मार खाऊन परतली. त्या सामन्यातील हाणामारी आजही 'बर्नची लढाई' म्हणून ओळखली जाते. रंग बदलून नशीब बदलले, असे म्हणण्याची सोय इथेही नाही.

१९५८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर नेल्सन रोद्रिगिस या लेखकाने ब्राझीलच्या मनोवृत्तीला एक नाव दिले : भटक्या कुत्र्याचा न्यूनगंड. जगासमोर ब्राझिली माणूस आपणहून शेपूट घालतो, असा त्याचा रोख होता. संघ स्वीडनमध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि पेच उभा राहिला. यजमान स्वीडनची जर्सीही पिवळी. चिठ्ठी स्वीडनच्या बाजूने पडली. ब्राझीलने दुसऱ्या रंगाचा संच सोबत आणलाच नव्हता! मग स्टॉकहोममध्ये निळे शर्ट विकत घेण्यात आले आणि पिवळ्या शर्टांवरची बोधचिन्हे उसवून त्यांवर शिवण्यात आली.

आठ वर्षांपूर्वीच्या आठवणीने धास्तावलेल्या खेळाडूंना हा अपशकुन वाटू लागला. तेव्हा पथकप्रमुख पाउलो माशादो दि कार्व्हाल्यो यांनी सांगितले की निळा हा आपारेसिदा मातेच्या वस्त्राचा रंग आहे. आपारेसिदा माता ही ब्राझीलची संरक्षक देवता. उपाय रामबाण ठरला. २९ जून १९५८ रोजी ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले. वाव्हाचे दोन गोल, १७ वर्षांच्या पेलेचे दोन, झागालोचा एक. पिवळ्या जर्सीने विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकला तो चार वर्षांनी, चिलीमध्ये.

पिवळी जर्सी जगाची झाली ती १९७० मध्ये. मेक्सिकोतील तो विश्वचषक रंगीत प्रक्षेपित झालेला पहिला. युरोपातील घरांत भर उन्हातला तो पिवळा प्रथमच उतरला. खुद्द ब्राझीलमधील बहुसंख्य लोकांनी मात्र तो कृष्णधवल पडद्यावर, करड्या छटेत पाहिला. तेथे नियमित रंगीत प्रक्षेपण १९७२ मध्ये सुरू झाले. भारतात दूरदर्शन रंगीत झाले १९८२ मध्ये, आणि मग कोलकात्यापासून कोल्हापूरच्या तालमींच्या गल्ल्यांपर्यंत तो पिवळा भिंतींवर चढला.

मधल्या काळातील कापड, कंपन्या आणि किनारींचे फेरफार इथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. दोन नोंदी पुरेत. १९८२ च्या बोधचिन्हात कॉफीची फांदी होती, कारण कॉफी संस्थेचा पैसा संघामागे होता. आणि नाइकीशी १९९६ मध्ये झालेल्या कराराची पुढे ब्राझीलच्या संसदेने चौकशी केली.

खरा संघर्ष जर्सी कुणाची, यावर झाला. १९७० च्या विजयाचा लाभ जनरल मेदिसीच्या लष्करी राजवटीने पुरेपूर उठवला. पण १९८४ मध्ये थेट निवडणुकांची मागणी करत रस्त्यावर उतरलेल्या लोकशाहीवादी चळवळीनेही पिवळाच रंग घेतला. ऑगस्ट १९९२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांत सापडलेले अध्यक्ष कोलोर यांनी जनतेला हिरवा-पिवळा परिधान करून पाठिंबा दाखवण्याचे आवाहन केले, तेव्हा लोक काळे कपडे घालून बाहेर पडले. २०१५ नंतर अध्यक्षा दिल्मा रुसेफ यांच्याविरुद्धच्या मोर्चांत आणि पुढे बोल्सोनारो यांच्या प्रचारात ही जर्सी इतकी मिसळली की अनेक ब्राझिली नागरिकांनी ती घालणे सोडून दिले. ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझीलियात संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय यांवर चालून गेलेल्या जमावात तीच जर्सी सर्वाधिक दिसत होती.

या दरम्यान, ८ जुलै २०१४ रोजी, बेलो होरिझोन्ते येथे जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले होते. १९५० मध्ये २-१ च्या पराभवाने एक रंग हद्दपार झाला. ७-१ नंतर मात्र रंग बदला, अशी चळवळ उभी राहिली नाही. एव्हाना पिवळ्यामागे पाच विश्वचषकांची पुण्याई होती. पांढऱ्याकडे ती कधीच नव्हती.

श्ले पुढे कायद्याचा प्राध्यापक आणि नावाजलेला कथाकार झाला. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्याने तुरुंगही पाहिला. ज्या राजवटीने त्याला कोंडले, तिनेच त्याची जर्सी मिरवली. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी तो पेलोतासमध्ये मरण पावला. दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये सामना होता, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. ब्राझीलने तो १-० असा जिंकला.

सात महिन्यांनी, १४ जून २०१९ रोजी, कोपा अमेरिकाच्या सलामीला ब्राझीलचा संघ बोलिव्हियाविरुद्ध साओ पाउलोत मैदानावर आला तो निळ्या किनारीच्या पांढऱ्या जर्सीत. १९१९ च्या विजेतेपदाची शताब्दी हे निमित्त होते. मध्यंतराला गोलफलक कोरा होता आणि प्रेक्षकांनी स्वतःच्याच संघाची हुर्यो उडवली. सामना ३-० असा जिंकला गेला. तीन आठवड्यांनी माराकानावर पेरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात संघ पुन्हा पिवळ्यात उतरला.