फिरत्या एंजिनाचा दाब आणि अश्वशक्ति

यंत्राचें सर्व बल एकाच आंकड्यांत सांगतां यावें, अशी मनुष्याची जुनी हौस आहे. कारागीर एंजिनाचा दाब मोजून आंकडा सांगतो, तोंच मालक विचारतो, "मग हॉर्सपॉवर किती राहिली?" साध्या दट्ट्याच्या एंजिनांतही या प्रश्नाला सरळ उत्तर नाहीं. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल याच्या फिरत्या एंजिनांत तर तें मुळींच नाहीं. याचें कारण त्या एंजिनाच्या इतिहासांत सांपडतें.

या एंजिनांत मागें-पुढें धांवणारा दट्ट्या नसतो. कमरेशीं किंचित् आवळलेल्या लंबगोल पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांच्यामध्यें तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्पा फिरतां फिरतां हवा व पेट्रोल यांचें मिश्रण ओढतो, दाबतो, जाळतो आणि धूर बाहेर टाकतो. रोटरच्या तीन टोकांवर बसविलेल्या अरुंद पट्ट्या भिंतीला घासत जातात व एक कप्पा दुसऱ्यापासून अलग ठेवितात. पट्टी झिजली कीं दाब शेजारच्या कप्प्यांत गळूं लागतो.

जर्मनींतील नेकारसुल्म येथें एनएसयू कंपनीच्या कारखान्यांत १९५७ च्या फेब्रुवारींत असें पहिलें एंजिन चाललें. त्याच्या कप्प्याचें आकारमान अवघें १२५ घन सेंटिमीटर होतें, तरी त्यानें सुमारें २१ अश्वशक्ति दिली. म्हणजे उणीव शक्तीची नव्हती, टिकाऊपणाची होती. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीनें १९६१ सालीं हें एंजिन करण्याचा परवाना घेतला, तेव्हां थरथरणाऱ्या पट्ट्यांनीं भिंतीवर ओरखडे उठत. तेथील लोक त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोटो यांच्या हाताखालील तुकडीनें पट्टीचा घाट व धातु बदलून पाहिले आणि अखेर कार्बनांत ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी वापरून तो दोष दूर केला.

१९६७ सालीं दोन मोटारी बाजारांत आल्या. माझ्दाच्या कॉस्मो स्पोर्टची शक्ति ११० अश्व, तर एनएसयूच्या आरओ ८० ची ११५. कागदावर जर्मन गाडीच किंचित् सरस होती. परंतु तिच्या पट्ट्या अकालीं झिजल्या. हमी दिलेली असल्यामुळें कंपनीला एंजिनामागून एंजिन बदलून द्यावें लागलें. १९६९ सालीं एनएसयूचें स्वतंत्र अस्तित्व संपून ती फोक्सवॅगनच्या छत्राखालीं गेली. अश्वशक्तीनें जें सांगितलें नव्हतें, तें पट्टीनें सांगितलें.

दाबाची परीक्षा होते ती याच पट्टीची. एंजिन पेटूं न देतां स्टार्टरनें मिनिटाला सुमारें २५० फेरे या वेगानें फिरवितात आणि प्लगच्या भोंकाशीं मापक लावितात. रोटरला तीन बाजू, म्हणून ठोकेही तीन दिसले पाहिजेत. सर्वांत मोठा आंकडा धरून ठेवणारा साधा मापक येथें फसवितो, कारण तो चांगल्या बाजूचा दाब दाखवून अधू बाजू झांकतो. २००३ च्या आरएक्स-८ मोटारींत चांगल्या एंजिनाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ८.५ किलोग्रॅम मानला जाई. तो ७ च्या खालीं उतरला कीं एंजिन उघडण्याची वेळ आली असें समजत. शिवाय बॅटरी दुबळी असली तर आंकडा घटतो आणि आंत तेल ओतलें तर वाढतो, पट्टी मात्र तीच असते.

आतां अश्वशक्तीकडे वळूं. स्टार्टरच्या मंद गतींत दाबाला गळावयास भरपूर अवकाश मिळतो. सात-आठ हजार फेऱ्यांवर तो फारच थोडा उरतो. म्हणूनच कमी दाबाचें एंजिन तापल्यावर पुन्हां सुरू होण्यास हट्ट करतें, पण एकदां चालू झालें कीं वेगांत बरेंच ओढतें. अश्वशक्ति ठरते ती मिनिटाला किती हवा आंत येते व जळते यावरून. १९९१ च्या आरएक्स-७ मध्यें ६५४ घन सेंटिमीटरचे दोन रोटर होते, मिश्रण नऊ पटींनीं दाबलें जाई आणि दोन टर्बोंच्या साहाय्यानें २५५ अश्वशक्ति मिळे. आरएक्स-८ मध्यें रोटर तेवढेच, दाबणें दहा पटींचें, पण टर्बो नाहीं. शक्ति २५० च्या पुढें गेली नाहीं. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत १९९१ सालीं जिंकणाऱ्या माझ्दाच्या गाडींत त्याच आकारमानाचे चार रोटर होते. टर्बोवांचून त्यांनीं सुमारें ७०० अश्वशक्ति, म्हणजे प्रत्येकीं १७५, दिली, ती हवेच्या मोकळ्या वाटांमुळें आणि ९,००० फेऱ्यांच्या वेगामुळें.

वैद्य नाडी पाहून प्रकृति सांगतो; गडी किती वजन उचलील, हें नाडीवरून सांगत नाहीं. तरी नाडी बिघडलेल्या गड्याच्या पाठीवर कोणी शहाणा ओझें देत नाहीं. फिरत्या एंजिनाच्या दाबाचा आंकडा याच रीतीनें वाचावा.