अडखळती वाणी आणि शिकाऊ चिकित्सकाची दृष्टी

बोलताना अडखळणाऱ्या मनुष्याकडे समाजाने कसे पाहिले याचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्याच्यावर इलाज करू पाहणाऱ्यांच्या दृष्टीचाच इतिहास आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कफयुक्त वायू शब्दवाहिनी धमन्यांना आवृत करतो आणि मनुष्य मूक, मिन्मिन वा गद्गद होतो, असे सांगितले आहे; म्हणजे तेथे दोष शरीराचा मानला आहे, स्वभावाचा नव्हे. घरोघरी वेखंड मधात उगाळून चाटवण्याची किंवा जिभेवर अक्कलकारा चोळण्याची जी परंपरा चालत आली, तिचा रोख मात्र जिभेवर होता. आणि दोष जिभेत आहे हा भ्रम केवळ आपल्याकडेच होता असे नव्हे, कारण १८४१ साली बर्लिनच्या डिफेनबाख नामक शस्त्रवैद्याने तोतरेपणा घालवण्यासाठी रुग्णांच्या जिभेच्या मुळाशीच शस्त्र चालवले.

जीभ निर्दोष ठरली, तेव्हा आरोप मनावर आला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाचोपचाराच्या विद्येचा शास्त्रशुद्ध पाया घातला गेला. तेथील वेंडेल जॉन्सन हे स्वतः तोतरे असूनही, त्यांच्याच देखरेखीखाली १९३९ साली अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग झाला, त्यात सुरळीत बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तुमची वाणी सदोष आहे' असे सांगण्यात आले, आणि त्याबद्दल विद्यापीठाला २००१ मध्ये जाहीर क्षमा मागावी लागली. पुढे १९७० मध्ये यायरी व विल्यम्स या संशोधकांनी वाचोपचार करणाऱ्यांनाच तोतऱ्या मुलांचे वर्णन करावयास सांगितले, तेव्हा भित्रा, लाजाळू, अस्वस्थ अशाच विशेषणांची रास पडली. ज्यांनी आधार द्यावयाचा त्यांच्याच मनात पूर्वग्रह ठाण मांडून बसला होता, हे या विद्येच्या दफ्तरातील सर्वांत बोधप्रद पान होय. असा पूर्वग्रह मोडण्यासाठी वाचोपचाराच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, दुकानात मुद्दाम तोतरे बोलून ऐकणाऱ्याची नजर स्वतःवर झेलावी, असा पाठ अनेक अभ्यासक्रमांत दिला जातो.

आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि १९६५ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत या शिक्षणाचा प्रारंभ झाला. १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणबाधितांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर (जुन्या चांदा) जिल्ह्याच्या विभाजनातून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला होता. पण ही विद्या नगरांतच वाढली. गडचिरोलीतले भामरागड मात्र आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्यापासून दीडशे किलोमीटरांहून दूर राहिले. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हास्तरीय उपचारकेंद्रांत वाचोपचारतज्ज्ञाची तजवीज केली, तेव्हा कोठे हे अंतर कागदोपत्री तरी घटले.

परंतु या जिल्ह्यात येणाऱ्या नवशिक्या चिकित्सकापुढचा प्रश्न अंतराहून सूक्ष्म आहे. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल आश्रमशाळेत मराठीतून शिकू लागले की शब्द शोधताना थबकते, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा मांडते. हा तोतरेपणा नव्हे. जेथे शब्द ठाऊक असूनही पहिला ध्वनी पुनःपुन्हा उमटतो, लांबतो किंवा कंठातच अडकतो, आणि मुद्रेवर ताण दिसतो, तेथेच त्याची शंका घ्यावी. आणि तीही मुलाची मातृभाषा ऐकल्यावाचून नव्हे, कारण खरा तोतरेपणा बहुधा दोन्ही भाषांत डोकावतो. ही पारख ज्याला नाही, तो निरोगी मुलाच्या माथी व्याधी मारील आणि व्याधिग्रस्ताला मंदबुद्धी समजेल.

यास्तव चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात सेवेस येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, यंत्रे व कसोट्या आणण्यापूर्वी त्यांनी थोडी माडिया-गोंडी शिकावी, मुलाचे वाक्य कितीही लांबले तरी ते त्याच्या वतीने पुरे करू नये, आणि आपल्या मनातील विशेषणे प्रथम तपासावीत.